आधी घरात सांगा

विमलताई गेल्या त्याला आता पाच आठवडे होतील. सकाळी सव्वाआठला हॉस्पिटलच्या वॉर्डातून फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. ब्लाउज त्याच दिवशी हळदीला हवं होतं, म्हणून उरलेले तीन हुक लावले, ब्लाउज शेजारणीकडे ठेवलं, दुकानाचं शटर ओढलं आणि मग रडले. दुपारी स्मशानभूमीत ही गर्दी! कोणी पहिल्या शिफ्टमधून अर्धी सुट्टी टाकून आलेलं, कोणी दुसऱ्या शिफ्टला जायच्या आधी. चाकणच्या सहा-सात कंपन्यांचे युनिफॉर्म एका जागी मी तरी कधी पाहिले नव्हते. त्रिसरण-पंचशील सुरू झालं, ते आमच्यातल्या निम्म्यांना येत नव्हतं, आम्ही नुसते हात जोडून उभे राहिलो. तिथल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई कुठल्या कंपनीत मोठ्या साहेब होत्या का हो?" म्हटलं, "नाही काका, वकील होत्या. हे सगळे त्यांचे अशील." काकांनी गर्दीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वकिलाच्या मयताला अशील येतात होय!" त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. ताई असत्या तर त्यांनी काकांना थांबवून आणखी दोन प्रश्न विचारले असते.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती मी माझ्याच भावाची बायको झाले तेव्हा. घाबरू नका, सांगते.

लॉकडाऊनचे दिवस. मी दापोडीत, एकटी. लग्न केलं नाही, का केलं नाही ते इथं सांगत बसत नाही. शिवणाचं दुकान बंद, घरात मशीन आणून मास्क शिवत होते. धाकटा भाऊ संतोष चाकणला, प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर. बायको सुनीता आणि तो, दोन खोल्यांचा संसार. आदल्या दिवाळीला संतोषसाहेबांनी हप्त्यावर भिंतीएवढा टीव्ही आणला होता, गाडी तर आधीपासूनच हप्त्यावर होती. कंपनीचं गेट बंद झालं, पगार थांबला, पण हप्त्याला कुठला लॉकडाऊन! मग एका अॅपवरून कर्ज काढून हप्ता भरला, दुसऱ्या अॅपवरून काढून पहिल्याचं भागवलं. सरकारने हप्ते थांबवायची सवलत दिली होती म्हणे, पण ती बँकवाल्यांची. हे अॅपवाले कुठले कोण, कुणाला ठाऊक. त्यांनी संतोषच्या मोबाइलमधले सगळे नंबर आधीच ओढून घेतले होते. सकाळपासून फोन, शिव्या. शेवटी एकाने धमकी दिली की सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत तर तुझ्या फोटोखाली 'चोर' लिहून सगळ्यांना पाठवतो, पहिला सासऱ्याला. सासरे म्हणजे तात्या, राजगुरुनगरजवळच्या खेड्यातले, एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाची काडी उसनी घेतली नव्हती, आणि हे ते दर सणाला जावयाला ऐकवायचे.

संतोषने हे फक्त मला सांगितलं. सुनीताला नाही. शुक्रवार होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, माझ्यामागं सुनीताला बघशील ना तू?" मी म्हटलं, "गाढवा, काहीतरीच काय बोलतोस!" ओरडले खरी, पण फोन ठेवल्यावर मला सुईत दोरा ओवता येईना. दापोडी ते चाकण काही परदेश नाही, पण तेव्हा चौकाचौकात पोलीस उभे होते. भावाला डोळ्यांसमोर बसवून ठेवायची सोय नव्हती.

त्याच संध्याकाळी कुणीतरी व्हॉट्सअॅपवर एक निरोप पुढे ढकललेला मला मिळाला. 'कर्जवसुलीचे फोन येत असतील तर मला फोन करा. मी वकील आहे. फी नाही. अकरा ते एक, चार ते सात. संत तुकाराम नगरला राहते, पण घरी येऊ नका, कोरोना आहे.' शेवटचं वाक्य वाचून मला बाई खरी वाटली. मी तो निरोप संतोषला पाठवला, त्याने फोन लावला. कर्ज किती, कुणाचं, काही नाही... बाईंचा पहिला प्रश्न, "घरात कोण आहे? त्यांना हे माहितीये?" हा म्हणाला, बायको आहे, तिला माहीत नाही. "मग आधी तिला सांगा. शेजारी बसवा, स्पीकर लावा आणि मग फोन करा." आणि फोन ठेवून दिला! मी अशी भडकले म्हणता. अगं बाई, तुला कायदा विचारलाय, त्यात तुला नवरा-बायको कशाला हवेत? संतोष तर हातपाय गाळूनच बसला. "सुनीताला सांगण्यापेक्षा सोमवार परवडला," म्हणाला. त्या सोमवारची मला धास्ती होती.

तेव्हा डोकं माझंच चाललं. कॉन्फरन्स कॉल करायचा, आणि बायको म्हणून मी बोलायचं. शनिवारी अकराच्या ठोक्याला आम्ही फोन लावला. सुनीताचं माहेर राजगुरुनगरकडचं, बोलणं तिकडचं, म्हणून मीही झोकात सुरुवात केली. "व्हय ताई, समदं ठाव हाय मला." बाई म्हणाल्या, "कधी कळलं?" म्हटलं, "आजच, सकाळी." "बरं. मग नवऱ्यावर चिडलात की नाही?" मला वाटलं, इथं गुणाची बायको दाखवावी. म्हटलं, "न्हाई बा, चिडायचं कशापायी? संसारात व्हायचंच आसं." तेवढ्यात संतोषच्या फोनमधून कुकरची खणखणीत शिट्टी आली आणि पाठोपाठ त्याहून खणखणीत आवाज, "अवो, आयकताय का! चार झाल्या, ग्यास बंद करा की! मी आंघूळीला चाललीय!"

बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "संतोषराव, तुमच्या घरात दोन बायका दिसतात. कुकरवाली खरी असावी." आणि मला, त्या तसल्या वेळी, फिस्सकन हसू आलं. मी हसले म्हणून त्याही हसल्या, चांगल्या खोकला लागेपर्यंत. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू कोण गं?" "बहीण." "लबाड आहेस. पण एक सांगते, नवऱ्याने लपवलेलं कर्ज कळल्यावर चिडली नाही अशी बायको मी पस्तीस वर्षांच्या वकिलीत पाहिलेली नाही. तिथंच ओळखलं होतं, कुकर नंतर आला." मग आवाज एकदम बदलला. "संतोष, फोन ठेवायचा नाही. गॅस बंद कर, तिला आंघोळीला जायच्या आधी गाठ, आणि स्पीकर लाव. मी थांबलेय."

आधी गॅसचं बटण फिरवल्याचा आवाज आला. मग "सुनीता, जरा इकडे ये" असं ऐकू आलं आणि त्यानं सांगितलं. अडखळत, मध्येच मागचं पुढं करत, पण सगळं. सुनीताचा पहिला शब्द होता, "आन् त्यो टीव्ही?" "तो पण हप्त्यावरच." "मला वाटायचं, आपलं बरं चाललंय..." एवढं म्हणाली आणि रडायला लागली. दापोडीत मी रडायला लागले. विमलताईंनी रडू दिलं. मग सुनीताच नाक ओढून म्हणाली, "ताई, पोलीस नेत्याल का ह्यास्नी?" तिथून वकिली सुरू झाली. त्यांनी विचारलं, कुणाला चेक दिलाय का? नाही दिला? मग ऐका. चेक परत गेला तर गोष्ट वेगळी असते, पण नुसता हप्ता चुकला म्हणून पोलीस माणूस उचलून नेत नाहीत. घेतलेलं मुद्दल फेडायचं, त्याला पर्याय नाही आणि मी ते बुडवायला मदत करणार नाही. पण शिव्या ऐकून घ्यायच्या नाहीत, धमकीचा एकेक मेसेज जपून ठेवायचा, सायबरला तक्रार आजच करायची. मग म्हणाल्या, "आणि आता नीट समजून घ्या. या माणसाकडे कोर्टाचा हुकूम नाही, धड कागद नाही. त्याच्याकडे एकच हत्यार आहे, घरी सांगीन. तुम्हीच आधी सांगून टाकलंत, आता तो काय सांगणार?"

माझा सगळा राग तिथं विरघळला. ही बाई उगाच अडून बसली नव्हती.

सुनीता त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण रविवारी तिने आपण होऊन माहेरी फोन केला आणि तात्यांना सगळं सांगितलं. सोमवारी ठरल्याप्रमाणे त्या वसुलीवाल्याचा फोन तात्यांना गेला. तो हिंदीतून तावातावाने सांगू लागला की तुमचा जावई चोर आहे. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, ठाव हाय मला. घेतल्यात त्यानं पैसं, दील की. तुजं नाव काय? गाव कंचं? तुज्या बापाला ठाव हाय का, तू ह्यो धंदा करतुयास?" त्यानेच फोन कापला. नंतर दोन दिवस तात्याच त्याला उलटे फोन करत होते, बापाचा नंबर दे म्हणून. तो उचलेचना! हे सुनीता मला सांगत होती आणि मागून संतोषचं हसणं ऐकू येत होतं. अख्ख्या महिन्यात मी तो हसलेला ऐकला नव्हता. फेडायला त्याला पुढं दीड वर्ष लागलं, टीव्ही गेला, गाडी राहिली. शेवटचे पैसे भरल्यावर 'आता काही येणं नाही' असं लेखी पत्र हातात पडेपर्यंत ताईंनी त्याचा पिच्छा सोडला नाही.

त्या सोमवारच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी अकराला, संतोषकडून नंबर घेऊन मलाच ताईंचा फोन. "काल माझे चार फोन चुकले. एकावर बोलत असले की दुसरा कापला जातो. तुझा आवाज चांगला आहे. अक्षर कसं आहे?" म्हटलं, बारावीपर्यंत बरं होतं. "मग एक वही घे." झालं, मी वकिलाची कारकून झाले. निम्मे फोन माझ्याकडे यायचे, मी नाव, गाव, कुणाचं कर्ज, काय धमकी, असं लिहून घ्यायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. मग ताई नोटिशीचा मजकूर सांगायच्या, मी लिहून फोटो पाठवायचे. व्हिडिओ कॉल त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. कपाळ आणि पंखा, एवढंच दिसायचं. वसुलीवाल्यांशी मात्र त्या फार प्रेमाने बोलायच्या. "आपलं पूर्ण नाव? ओळखपत्र क्रमांक? थांबा हं, लिहून घेते... पेन चालत नाहीये... हां, परत सांगा." अशी दहा मिनिटं गेली की समोरचा आपोआप गळायचा. एकदा एकजण गळलाच नाही, उलट रडायला लागला की मॅडम, मलाही टार्गेट आहे, माझेही हप्ते थकलेत. ताईंनी त्यालाही विचारलं, "घरात सांगितलंस का?" आणि त्याचंही नाव माझ्या वहीत आलं.

आमची भांडणंही झाली. बचत गटाचं कर्ज थकलेली एक बाई मोरीत दार लावून कुजबुजत फोन करायची. नवरा मारकुटा. मी ताईंना म्हटलं, आता बसा तुमचा नियम धरून! नवऱ्याला सांगितलं तर तो हिचा जीव घेईल. ताई उसळल्या. "घर म्हणजे नवरा, असं मी कधी म्हटलं? तिला विचार, घरात तिच्या बाजूचं कोण आहे." विचारलं. ती बाई म्हणाली, "सासू." मी आडवीच झाले. पुढच्या फोनला सासू-सून दोघी मोरीत बसून बोलत होत्या. सासू म्हणाली, काय ते सांगा, मी निस्तरते, त्याला मी जन्म दिलाय. नंतर ताई मला महिनाभर चिडवत होत्या, "काय गं, सासू नावाची गोष्ट तुला माहीत नव्हती वाटतं?"

पण खरी पंचाईत व्हायची ती ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांची. लातूरकडचे एक गार्ड होते, पन्नाशीचे. चाकणला एका गोदामावर ड्युटी, तिथंच एका खोलीत राहणं. मुलीच्या लग्नाला क्रेडिट कार्डावर पैसे उचललेले, बायको वारलेली, मुलगी सासरी, तिला कसं सांगणार. "ताई, मला काहीच सुधरना गेलंय," एवढंच परत परत म्हणायचे. ताईंनी विचारलं, "घरात कोण आहे?" "कोणच नाही बघा." ताई मला न विचारता म्हणाल्या, "ही संगीता आहे ना. ही तुमची बहीण. आधी हिला सांगा, मग मला." मी काय म्हणणार! त्या गार्डनी मला पाऊण तास सांगितलं. कर्जाचं थोडं आणि बायकोच्या आजारपणाचं जास्त. मी मास्क शिवता शिवता ऐकत होते, मध्येच मशीन थांबवलं तर म्हणाले, चालू ठेवा ताई, घरात कोणीतरी हाय असं वाटतंय. त्यानंतर असे बरेच झाले. खोटी बायको म्हणून मी एका कुकरच्या शिट्टीत नापास झाले, पण बहीण म्हणून ताईंनी मला परस्पर नेमून टाकलं. स्मशानात ते युनिफॉर्मवाले एकेक करून माझ्याजवळ येत होते ते त्यातलेच. निम्म्यांचे चेहरे मला माहीत नव्हते, पण तोंड उघडलं की आवाजावरून नाव आठवत होतं.

ताईंना मी प्रत्यक्ष पाहिलं ते सगळं सुरळीत सुरू झाल्यावर. आवाजावरून मी एक उंच, धिप्पाड बाई मनात धरली होती. संत तुकाराम नगरात दार उघडलं तर माझ्या खांद्याला लागणारी, पांढऱ्या केसांची, शेंगदाणे खात उभी असलेली बाई! "अगं, तू तर काळी-सावळी आणि जाडजूड निघालीस, मला वाटलं बारीक असशील," हे त्यांचं स्वागताचं वाक्य. वडील पिंपरीत कामगार होते, आई-वडील आणि भाऊ पाठोपाठ गेलेले, लग्न त्यांनीही केलेलं नव्हतं. का, ते त्याही सांगत बसल्या नाहीत. दर रविवारी मी जायचे, आम्ही मिळून वही लिहायचो आणि माशांचं कालवण करायचो. लॉकडाऊन संपला तरी फोन संपले नव्हते. आता त्यांचा तो मोबाइल माझ्याकडे आहे. कायद्याचं काही आलं की त्यांच्या ओळखीतल्या एका तरुण वकिलीणबाईंकडे देते. पहिला प्रश्न मात्र मीच विचारते.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ती इथं सांगते. गेल्या वर्षी, एका साध्या बुधवारी, बरोबर अकरा वाजता ताईंचा फोन आला. मी काजं करत होते. म्हणाल्या, "नवीन केस आहे, वही घे." मी वही घेतली. "लिही. नाव विमल. वय अडुसष्ट. राहणार संत तुकाराम नगर." मी हसायला लागले, म्हटलं, ताई, आज काय नाटक? "तू लिही. तक्रार, पोटात गाठ. रिपोर्ट काल आलाय. चांगला नाही." माझा हात थांबला. मग जरा दटावूनच म्हणाल्या, "अगं, पुढचं विचार ना. आपण काय विचारतो?"

मी पेन पुन्हा वहीवर टेकवलं. म्हटलं, "घरात... घरात सांगितलंय का कुणाला?"

"आत्ता सांगतेय," ताई म्हणाल्या.